मीटर बदललं, बिल वाढलं: आधी काय तपासाल, मग कुठे भांडाल

सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हल्ली एक फोटो हमखास फिरतो. दोन महिन्यांची वीजबिलं शेजारीशेजारी ठेवलेली, मोठ्या आकड्याभोवती लाल गोल, आणि खाली ओळ: ‘बघा स्मार्ट मीटरचा प्रताप!’ मग संतापलेल्या चेहऱ्यांची रांग लागते. फोटोत बिलाची फक्त वरची बाजू असते. मागचं रीडिंग किती, चालू किती, बिल किती दिवसांचं, जुनं मीटर कोणत्या आकड्यावर काढलं, यातलं काहीच दिसत नाही. त्यामुळे बिल खरोखर चुकलंय की नाही, हे ना त्या ग्राहकाला सांगता येत, ना आपल्याला.

या मीटरविषयीच्या तक्रारी खोट्या आहेत असं मला म्हणायचं नाही. काही अगदी रास्त आहेत. पण लोकांची भीती एका जागी आणि खरी अडचण दुसऱ्याच जागी, असं चित्र वारंवार दिसतं. मीटर ‘जोरात पळतं’ का, यावर तासन्‌तास चर्चा होते. पण घरातल्या वायरिंगमध्ये न्यूट्रल कुणाशी जोडलाय, बिलात ‘सरासरी’ लिहिलंय का, नोंदणीतला मोबाइल नंबर कुणाचा आहे, हे कुणी बघत नाही. पैसे बहुधा तिथेच जातात.

आधी थोडी पार्श्वभूमी. २०२१ साली केंद्र सरकारने वीज वितरण सुधारणेची मोठी योजना मंजूर केली आणि तिच्यात देशभर २५ कोटी स्मार्ट प्रीपेड मीटर बसवण्याचं लक्ष्य ठेवलं. महाराष्ट्रात ‘प्रीपेड’ या शब्दावरूनच वादळ उठलं. जून २०२४ मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सर्वसामान्य ग्राहकांकडे असे प्रीपेड मीटर बसवणार नाही असं जाहीर केलं. त्यानंतर महावितरणने घरोघरी जे मीटर बसवायला घेतले, त्यांना ‘टीओडी मीटर’ (टाइम ऑफ डे, म्हणजे दिवसाच्या कोणत्या वेळी किती वीज वापरली ते नोंदवणारं मीटर) म्हटलं जातं. हे पोस्टपेड आहेत, म्हणजे आधी वापरा आणि महिन्याने बिल भरा, ही जुनी पद्धत कायम आहे.

मग लोक चिडतात कशाला? कारण यंत्र तेच आहे. आज पोस्टपेड चालणारं मीटर उद्या जागेवरून न हलवता, दूरवरून आज्ञा देऊन प्रीपेड करता येतं. त्यामुळे ‘आमचं मीटर प्रीपेड नाही’ या आश्वासनाला यंत्राचा आधार नाही, धोरणाचा आहे, आणि धोरणं बदलतात. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. वीज कायदा २००३ च्या कलम ४७ मध्ये असं म्हटलं आहे की जो ग्राहक प्रीपेड मीटरवर वीज घ्यायला तयार असेल, त्याच्याकडून सुरक्षा ठेव मागता येत नाही. उद्या तुमची जोडणी प्रीपेड झालीच, तर भरलेली ठेव परत किंवा शिलकीत जमा झाली पाहिजे. बिलावर ठेवीची रक्कम छापलेली असते. तेवढं एक बिल फाइलला लावून ठेवा.

मीटर ‘मोफत’ आहे का? बसवायला आलेल्या माणसाने पैसे मागायचे नाहीत, तुम्ही द्यायचे नाहीत, या अर्थाने मोफत. पण केंद्राचं अनुदान आपल्यासारख्या राज्यांत मीटरच्या खर्चाच्या १५ टक्के, तेही जास्तीत जास्त ९०० रुपये एवढंच आहे. उरलेली रक्कम वीज कंपनी पुढची काही वर्षं ठेकेदाराला हप्त्याहप्त्याने देणार. तो पैसा शेवटी दरातूनच येणार, असा प्रताप होगाडे यांच्या महाराष्ट्र वीज ग्राहक संघटनेचा आक्षेप आहे, आणि मला तो पटतो. वीज कंपनीकडे ग्राहकाखेरीज दुसरी खाण नाही. मात्र हा धोरणाचा प्रश्न आहे. तुमच्या बिलातला पुढच्या महिन्याचा आकडा त्याने ठरत नाही.

मीटर बदलायला माणसं येतील त्या दिवशी

मीटर बहुतेकदा जिन्याखाली किंवा पार्किंगमध्ये असतं. ठेकेदाराची माणसं दुपारी येतात, तेव्हा घरातले निम्मे लोक बाहेर असतात. अर्ध्या तासात अख्खा बोर्ड बदलून ती निघूनही जातात. त्यामुळे सोसायटीत नोटीस लागली की त्याच दिवशी खाली जा आणि जुन्या मीटरचा फोटो काढा. रीडिंग आणि मीटरचा अनुक्रमांक दोन्ही एकाच फोटोत यायला हवेत. बदलायच्या दिवशी शेवटच्या रीडिंगचा पुन्हा एक फोटो, आणि नव्या मीटरचा सुरुवातीच्या आकड्यासह एक. मीटर बदलल्याच्या अहवालावर तुमची सही घेतील. जुन्या मीटरचं अंतिम रीडिंग त्यावर लिहिलंय का ते पाहून मगच सही करा, आणि त्या कागदाचाही फोटो घ्या. मीटर बदललेल्या महिन्याचं बिल दोन तुकड्यांचं असतं: जुन्या मीटरवरचे उरलेले युनिट अधिक नव्यावरचे. यातला पहिला तुकडा कुणी चुकीचा लिहिला, तर पुराव्याशिवाय तो दुरुस्त करून घेणं म्हणजे कार्यालयाच्या चकरा.

छतावर सोलर असेल तर जास्त काळजी घ्या. नेट मीटरला दोन आकडे असतात, ग्रिडकडून घेतलेले युनिट आणि ग्रिडला दिलेले युनिट. दोन्हींचे फोटो हवेत. शिवाय मागच्या महिन्यांतून शिल्लक असलेले युनिट नव्या मीटरनंतरच्या बिलात पुढे आलेत का, हे पहिल्याच महिन्यात बघा.

मीटर बसल्यावर आणखी एक क्षुल्लक वाटणारी, पण मोठी गोष्ट. घाईत बारा-पंधरा मीटर बदलताना वायरींची अदलाबदल होऊ शकते, आणि मग वरच्या मजल्याचं बिल खालच्याला येतं. हे तपासायला दोन मिनिटं लागतात. एकाने घरातला मेन स्विच बंद करायचा, दुसऱ्याने खाली मीटरजवळ उभं राहायचं. मेन बंद केल्यावर तुमच्याच नावाच्या मीटरचा दिवा लुकलुकायचा थांबला पाहिजे. शेजारचं मीटर थांबलं, तर कारण सापडलं. टर्मिनलपाशी वायर सैल राहिली तर ती तापते, जळका वास येतो, दिवे मंद-प्रखर होतात. असं काही जाणवलं तर सकाळची वाट न पाहता १९१२ या हेल्पलाइनवर कळवा.

मीटर स्वतःहून उघडायचा विचार डोक्यातून काढून टाका. झाकण उघडलं, चुंबक लावलं, वायर उलट केली, तर या मीटरमध्ये तारीख-वेळेसह नोंद होते, आणि मग प्रकरण वीजचोरीच्या कलमांकडे जातं. बिल बरोबर होतं की नाही हा मुद्दा तिथे उरत नाही.

मीटर खरंच पळतंय का?

नव्या मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो आणि त्याच्या जवळ एक आकडा छापलेला असतो, उदाहरणार्थ ३२००. त्याचा अर्थ एक युनिट वीज वापरली की दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. यातूनच घरच्या घरी तपासणी करता येते. फ्रीज, इन्व्हर्टर, राऊटर धरून सगळं बंद करा. मग एकच उपकरण लावा, ज्याची वॉटची क्षमता नक्की माहीत आहे. १००० वॉटची साधी इस्त्री सगळ्यात सोयीची. ती पूर्ण गरमवर ठेवा आणि ती आपोआप बंद होण्याआधी एक मिनिट दिवा मोजा. ३२०० च्या मीटरवर साधारण ५३ लुकलुक यायला हवेत. विजेचा दाब कमी-जास्त असतो, त्यामुळे ४५ ते ६० च्या आसपास आले तर काळजी नाही. नव्वद आले तर मात्र तक्रार करायला तुमच्याकडे ठोस कारण आहे. तुमच्या मीटरवर आकडा वेगळा असेल तर त्या आकड्याला ६० ने भागा, म्हणजे १००० वॉटला एका मिनिटात किती लुकलुक हवेत ते मिळेल.

ही प्रयोगशाळेतली चाचणी नाही. एक-दोन टक्क्यांची चूक यातून कळणार नाही. पण बिल दुप्पट येतंय असं वाटत असेल, तर दुप्पट पळणारं मीटर यात लगेच पकडलं जाईल. बहुतेकांना इथेच समजेल की मीटर ठीक आहे.

जुन्या फिरत्या चकतीच्या मीटरबद्दल लोकांना फार माया आहे. ती कुठून येते तेही बघा. वर्षानुवर्षं धूळ खाल्लेली आणि घासलेली चकती हळू फिरायची, आणि अगदी कमी भाराला तर हलायचीच नाही. घरात फक्त राऊटर, सेट-टॉप बॉक्स आणि मोबाइल चार्जर चालू असले तर चकती जागेवरच असायची. नवं मीटर तेवढंही मोजतं. घरात सतत २० वॉट चालू राहिले तर महिन्याला चौदा युनिटच्या वर होतात. म्हणजे जुन्या चकतीने इतकी वर्षं आपल्याला थोडी सवलतच दिली होती, आणि ती आता बंद झाली. हे कडू आहे, पण खरं आहे. ज्यांचं आधीचंच मीटर आकडे दाखवणारं इलेक्ट्रॉनिक होतं, त्यांना मात्र या कारणाने फरक पडायला नको. त्यांचं बिल वाढलं असेल तर कारण दुसरीकडे शोधायचं.

इलेक्ट्रॉनिक मीटर कधीच चुकत नाही, असंही समजू नका. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मंद केलेले एलईडी दिवे आणि तत्सम भार लावल्यावर काही मीटर प्रत्यक्षापेक्षा तब्बल ५८२ टक्क्यांपर्यंत जास्त नोंद करताना आढळले. प्रयोगातली परिस्थिती टोकाची होती, नेहमीच्या घरात तसं होणं अवघड. पण ‘यंत्र आहे, म्हणजे बरोबरच’ असं सांगणाऱ्याला हे उत्तर पुरेसं आहे.

ईएल लिहिलेला दिवा

आता ज्या गोष्टीकडे सगळ्यात कमी लक्ष जातं, तिकडे येऊ. मीटरवर ‘ईएल’ किंवा ‘अर्थ’ असं लिहिलेला आणखी एक दिवा असतो, काही मीटरांवर त्याऐवजी पडद्यावर खूण येते. तो दिवा लागलेला दिसला, तर बिल वाढण्याचं कारण तुमच्या वायरिंगमध्ये असण्याची शक्यता मोठी आहे.

वीज फेजमधून घरात येते आणि न्यूट्रलमधून परत जाते. जेवढी आली तेवढीच परत गेली पाहिजे. पूर्वी चोरी करणारे न्यूट्रल सोडून जमिनीतून वीज परत पाठवायचे आणि चकती गप्प राहायची. म्हणून नव्या मीटरांना दोन्ही वायरी मोजायला शिकवलं आहे. फेज आणि न्यूट्रलमध्ये फरक आढळला तर मीटर दोन्हींपैकी जो जास्त, त्याप्रमाणे युनिट मोजतं. चोरासाठी लावलेला हा सापळा भोळ्या माणसालाही पकडतो.

आपल्याकडच्या इमारती बघा. जुना वाडा पाडून उभी केलेली चार मजली इमारत, चाळीतल्या खोल्या, किंवा शेजारचा फ्लॅट विकत घेऊन मधली भिंत पाडलेलं घर. या भिंत पाडलेल्या घरांत तर हे फारच दिसतं. दोन जोडण्या, दोन मीटर, आणि इंटिरियरवाल्याने सोयीसाठी एका मीटरची फेज आणि दुसऱ्या मीटरचा न्यूट्रल एकत्र केलेला. मग हॉलमधल्या एसीची वीज येते एका मीटरमधून आणि परत जाते दुसऱ्या मीटरमधून. पहिलं मीटर फेजप्रमाणे मोजतं, दुसरं न्यूट्रलप्रमाणे. एकाच एसीचे युनिट दोन्ही बिलांत! इन्व्हर्टर बसवतानाही असंच होतं. इन्व्हर्टरचा न्यूट्रल चुकीच्या ठिकाणी जोडला की तोच घोळ. आणि कधी दिवा लागतो तो गीझरमधून किंवा पाण्याच्या मोटारीतून जमिनीत वीज गळते म्हणून. ते तर बिलापेक्षा जिवाला जास्त धोक्याचं.

हे शोधायची पद्धत सोपी आहे. घरातला मेन बंद करा. मीटर तरीही लुकलुकत असेल, तर मीटर ते मेन या टप्प्यात कुणाची तरी वायर जोडलेली आहे, किंवा तुमच्या न्यूट्रलवरून दुसऱ्याचा भार जातोय. मेन बंद केल्यावर ईएलचा दिवा विझला, तर मेन पुन्हा चालू करून घरातले एमसीबी एकेक करून पाडा. कुठला पाडल्यावर ईएलचा दिवा विझतो ते लक्षात ठेवा. दोष त्या सर्किटमध्ये आहे. यापुढचं काम परवानाधारक वायरमनचं. मीटरपर्यंतची वायर कंपनीची, मीटरनंतरची तुमची, त्यामुळे हा खर्च तुमच्या खिशातून जाईल. पण तो एकदाच. कंपनीच्या कार्यालयात जाऊन भांडून हा दोष कधीच जाणार नाही, कारण त्यांच्या दृष्टीने मीटर अचूक आहे, आणि तांत्रिकदृष्ट्या त्यांचं म्हणणं बरोबरही असतं.

बिलांची तुलना करताना

मार्चच्या बिलाची तुलना फेब्रुवारीशी करू नका, मागच्या वर्षीच्या मार्चशी करा, आणि रुपये न बघता युनिट बघा. मीटर मार्च-एप्रिलमध्ये बदललं आणि मे महिन्याचं बिल बघून आरडाओरडा झाला, अशा प्रकरणांत कूलर, एसी, पंखे आणि घरी असलेली मुलं यांचाही वाटा धरावा लागतो. दर वाढला असेल, इंधन समायोजन आकार लागला असेल, तर युनिट तेवढेच असूनही बिल वाढतं. त्यावर १६ टक्के वीज शुल्क बसतं. यात मीटरचा दोष नाही.

‘सरासरी’ बिलाकडे मात्र लक्ष द्या. जुनं मीटर नादुरुस्त आहे किंवा रीडिंग मिळालं नाही असं दाखवून काही महिने अंदाजे बिल येतं, आणि मीटर बदलताना सगळी थकलेली युनिट एका दमात लागतात. महिन्याला शंभर युनिटपर्यंत एक दर, पुढे तीनशेपर्यंत त्याहून बराच जास्त, अशी आपली टप्प्यांची रचना आहे. चार महिन्यांची युनिट एकाच महिन्याची धरली की गरिबाघरचा वापरही वरच्या टप्प्यात जातो. युनिट जेवढ्या महिन्यांची असतील तेवढ्या महिन्यांत वाटून टप्प्याचा लाभ मिळायला हवा. बिलात तो दिला नसेल तर लेखी मागा. जुनं मीटर बंद पडलेलं होतं असं कंपनीचं म्हणणं असेल, तर राज्य वीज नियामक आयोगाच्या पुरवठा संहितेनुसार मागच्या १२ महिन्यांच्या सरासरीने जास्तीत जास्त ३ महिन्यांचीच वसुली करता येते. दोन वर्षांचा हिशेब कुणी काढला तर हा नियम दाखवा.

टीओडीची सवलत बिलात येते का तेही बघा. १ जुलै २०२५ पासून महावितरणने या मीटरच्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे सूट जाहीर केली. दिवसा ६० युनिट वापरले तर ४८ रुपये. नवराबायको दोघं नोकरीला आणि घर दिवसभर बंद, तर फार काही हाती लागणार नाही. घरात ज्येष्ठ मंडळी असतील, वॉशिंग मशीन आणि गिरणी दिवसा चालवता येत असेल, तर फायदा आहे. सगळ्यात जास्त फायदा सोसायटीच्या पाण्याच्या पंपाला. पहाटे पाचला टाकी भरायची सवय बदलून दुपारी भरा. एक पैही गुंतवावी लागत नाही. मीटरच्या पडद्यावरचं घड्याळ बरोबर चालतंय ना, तेही एकदा बघा, कारण सूट त्या घड्याळावर ठरते. दर आणि सवलती आयोगाच्या आदेशांनी बदलत असतात, म्हणून चालू बिलावरची टीओडीची ओळ वाचायची सवय लावा. केंद्राच्या २०२३ च्या नियमांत गर्दीच्या तासांना दर चढा ठेवण्याची तरतूद आहेच, त्यामुळे आजची सवलत उद्याच्या अधिभाराची पहिली पायरी ठरू शकते, ही शंका मला अनाठायी वाटत नाही.

दूरवरून वीज तोडली तर?

ही भीती खरी आहे. १२ ऑगस्ट २०२० रोजी, जन्माष्टमीच्या संध्याकाळी, उत्तर प्रदेशात चुकीची आज्ञा गेली आणि दीड लाखाहून अधिक स्मार्ट मीटरच्या घरांत एकदम अंधार झाला. थकबाकी नसलेल्यांचीही वीज गेली. पूर्वी लाइनमनला दारात यावं लागायचं, त्याला विनवता यायचं, बिल भरल्याची पावती दाखवता यायची. आता समोर माणूसच नाही.

तरी कायदा बदललेला नाही. वीज कायद्याच्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. अडचण अशी की ती हल्ली मोबाइलवर येते, आणि असंख्य जोडण्यांना नंबर आहे तो बिल्डरचा, आधीच्या मालकाचा किंवा वारलेल्या वडिलांचा. तो आधी बदला. आणि ‘तुमचं बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडणार, या नंबरवर फोन करा’ असा संदेश खाजगी नंबरवरून आला तर तो सरळ पुसून टाका. फोन केला की अ‍ॅप उतरवायला सांगतात आणि बँक खातं रिकामं होतं. याचसाठी बिलाचा फोटो ग्रुपवर टाकताना ग्राहक क्रमांकही झाका.

माहितीच्या गोपनीयतेवर आपल्याकडे कुणी फारसं बोलत नाही. हे मीटर पंधरा मिनिटं किंवा अर्ध्या तासाच्या तुकड्यांत वापर नोंदवतं. तो आलेख वाचता येणाऱ्याला घर कधी रिकामं असतं, लोक कधी उठतात, गावाला कधी गेले, सगळं समजतं. नेदरलँड्सच्या वरिष्ठ सभागृहाने २००९ मध्ये याच कारणाने सक्तीच्या मीटरला नकार दिला होता. ही माहिती ठेकेदाराकडे किती काळ राहते आणि कुणाला दिली जाते, हे विचारायचा हक्क ग्राहक संघटनांनी लावून धरायला हवा. निदान स्वतःच्या अ‍ॅपचा पासवर्ड वायरमनला आणि शेजाऱ्याला देऊ नका. लहरींचं, ‘रेडिएशन’चं म्हणाल, तर मीटर जिन्याखाली आणि मोबाइल कानाला. यापेक्षा जास्त वेळ मी त्या प्रश्नाला देणार नाही.

तक्रार कशी न्यायची

सगळं तपासलं, वायरिंग ठीक आहे, तरीही आकडे जुळत नाहीत. मग लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. तोंडी सांगून काही होत नाही. अर्जात ‘बिल जास्त आलं’ एवढंच लिहू नका. मागच्या वर्षीचे त्याच महिन्यांचे युनिट, फोटोंच्या तारखा, लुकलुकीच्या चाचणीचा आकडा लिहा. मग एक वाक्य आवर्जून घाला: ग्राहक हक्क नियमांप्रमाणे जोड मीटर बसवून मिळावं. केंद्राच्या फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीनुसार, रीडिंग प्रत्यक्ष वापराशी जुळत नसल्याची तक्रार आली की कंपनीने पाच दिवसांत दुसरं मीटर लावून किमान तीन महिने दोन्हींचा वापर पडताळायचा असतो. हे फार थोड्यांना माहीत आहे, आणि कार्यालयात कुणी आपणहून सांगत नाही. प्रयोगशाळेतल्या चाचणीचा मार्गही आहे. तिची फी आधी भरावी लागते. मीटर सदोष निघालं तर वाद सुरू झाला त्याआधीच्या जास्तीत जास्त ३ महिन्यांचं बिल दुरुस्त होतं, म्हणून वर्षभर वाट बघू नका.

वाद चालू असताना बिल भरायचं की नाही? अजिबात न भरणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. कलम ५६ मध्येच पळवाट नव्हे तर राजमार्ग दिलेला आहे: निषेध नोंदवून पूर्ण रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, यातली जी कमी ती भरा. ती भरलेली असताना वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. चलनाबरोबर ‘निषेधासह भरणा’ असं पत्र द्या आणि त्याची पोच जपून ठेवा.

स्थानिक कार्यालयाने दाद दिली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तिथे जावं लागतं. मंचाचा निर्णय मान्य नसेल तर आदेशापासून ६० दिवसांत विद्युत लोकपालांकडे जाता येतं, त्यांची कार्यालयं मुंबई आणि नागपूरला आहेत. यातल्या कुठल्याच पायरीवर वकील करावा लागत नाही. एका घराने नेलेल्या तक्रारीपेक्षा एका जिन्यातल्या आठ घरांनी आपापले फोटो आणि युनिटचे तक्ते जोडून एकाच दिवशी दिलेल्या आठ तक्रारी जास्त लवकर वाचल्या जातात. तेव्हा अर्ज लिहायला बसाल त्या संध्याकाळी शेजाऱ्यांनाही बोलवा.